ऑर्डरची अंगठी बोटात नेमकी बसावी यासाठी

ग्राहकाच्या मनाप्रमाणे अंगठी घडवून देताना नक्षी, खडा, सोन्याचा कस आणि घडणावळ यांवर बराच वेळ बोलणे होते आणि माप मात्र अखेरच्या दोन मिनिटांत, उठता उठता घेतले जाते. तयार दागिना विकताना हे चालून जाते, कारण तेथे अंगठी बोटात घालून पाहिल्यानंतरच पैसे दिले जातात. ऑर्डरच्या कामात ती सोय नसते. बोट आज समोर असते आणि अंगठी काही आठवड्यांनी तयार होते. म्हणून वहीत केवळ एक आकडा लिहून काम भागत नाही. तो आकडा कोणत्या पद्धतीचा, कोणत्या हाताच्या कोणत्या बोटाचा आणि किती रुंदीच्या मापाच्या कडीने घेतलेला, हेही त्याच्या शेजारी लिहिलेले असले पाहिजे. माप चुकण्याची बहुतेक कारणे, माझ्या मते, या न लिहिलेल्या गोष्टींत दडलेली असतात.

आकडा कशाचा आहे, हे आधी ठरवावे

आपल्याकडील सराफ बाजारात जो नंबर चालतो, त्याचा हिशेब सोपा आहे. अंगठीच्या आतल्या घेराची लांबी मिलिमीटरमध्ये घ्यावी आणि तीतून ४० वजा करावेत. आतला घेर ५४ मिलिमीटर असेल तर अंगठी १४ नंबरची, ५८ असेल तर १८ नंबरची. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. त्यानुसार १४ नंबरचा आतला व्यास सुमारे १७.२ मिलिमीटर आणि १८ नंबरचा सुमारे १८.५ मिलिमीटर येतो. यातून निघणारी एक गोष्ट प्रत्येक कारागिराने मनात पक्की ठेवावी: घेरात १ मिलिमीटरचा फरक पडला की पूर्ण एक नंबर बदलतो, आणि व्यासात तोच नंबर जेमतेम ०.३२ मिलिमीटरने बदलतो. शाळेच्या पट्टीने घरी जुन्या अंगठीचा व्यास मोजणारा माणूस अर्धा मिलिमीटर सहज चुकतो, म्हणजेच दीड नंबर चुकतो.

अमेरिकेतील पद्धतीत एका पूर्ण नंबराने व्यास सुमारे ०.८१ मिलिमीटरने आणि घेर सुमारे २.५५ मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे तेथे अर्धे आणि पाव नंबरही सर्रास वापरले जातात. तेथील ७ नंबर आपल्या १४ नंबरच्या किंचित पुढे असतो आणि तेथील १० नंबर आपल्या २२ नंबरजवळ येतो. ब्रिटनमध्ये आकड्यांऐवजी इंग्रजी अक्षरे असतात आणि एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंत घेर १.२५ मिलिमीटरने वाढतो. परदेशी राहणारी अनेक मराठी मुले-मुली साखरपुड्याच्या अंगठ्या पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, मुंबईच्या झवेरी बाजारात किंवा कोल्हापूरच्या गुजरीत घडवून घेतात, आणि दुकानात येतात ते त्यांचे आई-वडील. ‘मुलाचा नंबर दहा आहे’ असे त्यांनी फोनवर ऐकलेले असते. तो दहा अमेरिकी असेल आणि कारागिराने तो आपला समजून अंगठी घडवली, तर घेर १२ मिलिमीटरने कमी भरेल आणि अंगठी करंगळीतही जाणार नाही. एवढा मोठा फरक निदान लगेच लक्षात येतो. खरी अडचण अक्षरांचा किंवा अर्ध्या नंबरांचा अंदाजाने अर्थ लावल्यामुळे पडणाऱ्या दोन-तीन नंबरांच्या फरकाची असते. आयएसओ ८६५३ हे आंतरराष्ट्रीय मानकही अंगठीचे माप आतल्या घेराच्या मिलिमीटरमध्येच सांगते. म्हणून नंबर कोणत्याही देशाचा असो, त्याच्याशेजारी घेर मिलिमीटरमध्ये लिहिण्याची सवय दुकानातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी आणि कारागिराकडे जाणाऱ्या चिठ्ठीवर तोच आकडा मुख्य मानावा.

मापाचा जुडगा आणि मँड्रेल एकमेकांशी जुळवावेत

ग्राहकाच्या बोटात आपण जुडग्यातील, म्हणजे एकत्र ओवलेल्या नंबरवार मापाच्या कड्यांतील, एक कडी घालतो आणि तयार अंगठी मात्र खुणा कोरलेल्या निमुळत्या दांड्यावर, म्हणजे मँड्रेलवर, तपासतो. ही दोन साधने वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेली असली तर ती एकमेकांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. स्वस्त जुडग्यांतील कड्या वापरून वाकतात आणि ॲल्युमिनियमच्या मँड्रेलवर ठोके बसून खुणांजवळचा भाग दबतो. यावर उपाय एवढाच की दुकानातील जुडग्याची प्रत्येक कडी कारखान्यातील मँड्रेलवर चढवून पाहावी, ती कोणत्या खुणेवर थांबते याचा तक्ता करून भिंतीवर लावावा आणि काही महिन्यांनी तो पुन्हा पडताळावा. कारखाना एका गल्लीत आणि दुकान दुसऱ्या गल्लीत असेल, तर एकाच कंपनीचे दोन जुडगे घेऊन दोन्हीकडे ठेवणे अधिक बरे.

मँड्रेल निमुळता असल्यामुळे रुंद अंगठीची एक कड त्यावर घट्ट बसते आणि दुसरी सैल राहते. अंगठी एका बाजूने चढवून खूण वाचावी, नंतर उलटी चढवून पुन्हा वाचावी. दोन्ही वाचनांत फरक असेल तर अंगठीच आतून निमुळती झाली आहे असे समजावे. खूण अंगठीच्या पुढच्या कडेशी वाचायची की मध्यावर, याबाबत कारखान्यांच्या सवयी वेगवेगळ्या आहेत. मी मध्यावर वाचण्याच्या बाजूचा आहे, परंतु कोणतीही एक रीत ठरवून सर्वांनी तीच पाळणे अधिक महत्त्वाचे आहे.

बोटाचे माप घेताना

बोट दिवसभर सारखे राहत नाही. उन्हाने आणि दमटपणाने ते फुगते, थंडीत आकसते. जिना चढून आल्यावर, जड पिशव्या उचलल्यावर किंवा खारट जेवणानंतर ते वेगळेच माप देते. मे महिन्यातील मुंबईत भर दुपारी घेतलेले माप आणि नाशिकला डिसेंबरच्या सकाळी घेतलेले माप यांत एक नंबराचा फरक पडला तर नवल मानू नये. म्हणून आलेल्या ग्राहकाला प्रथम बसवावे, पाणी द्यावे, नक्षीविषयी बोलून घ्यावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी, हात नेहमीच्या स्थितीत आल्यावर माप घ्यावे. दुपारनंतरची वेळ सकाळपेक्षा चांगली. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बोटांना सूज असू शकते. अशा वेळी घाई नसेल तर बाळंतपणानंतर माप घेण्याचे सुचवावे, आणि घाई असेलच तर त्या व्यक्तीची पूर्वीची, त्याच बोटातील अंगठी मागवून तिच्यावरून माप धरावे.

कोणते बोट, हा प्रश्न स्पष्ट विचारावा आणि त्या बोटाला हात लावून खात्री करून घ्यावी. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा हात बहुधा थोडा जाड असतो, त्यामुळे डाव्या अनामिकेचे माप उजव्या अनामिकेला चालेल असे गृहीत धरू नये. राशीच्या खड्यांच्या अंगठ्यांबाबत तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. पुष्कराज तर्जनीत, नीलम मधल्या बोटात, माणिक अनामिकेत आणि पाचू करंगळीत घालण्याची प्रथा पाळणारा ग्राहक, अंगठी सैल झाली म्हणून ती शेजारच्या बोटात सरकवणार नाही.

कडी ग्राहकालाच घालू द्यावी आणि काढू द्यावी, कारण ती पेराच्या सांध्यावरून जाताना किती अडते हे त्यालाच कळते. योग्य कडी सांध्यावर थोडी थांबते, किंचित फिरवल्यावर पुढे जाते आणि बोटाच्या मुळाशी टेकल्यावर कातडीत रुतत नाही. त्यानंतर मूठ मिटायला सांगावे. कडीच्या दोन्ही बाजूंना मांस फुगून वर आले तर ती घट्ट आहे. मग हात खाली सोडून हलकेच झटकायला सांगावे. कडी सांध्यापर्यंत घसरत आली तर ती सैल आहे. एकच कडी घालून निर्णय घेऊ नये. तिच्या आधीची आणि नंतरची कडीही घालून पाहिली की ग्राहक स्वतःच बरोबर नंबराकडे बोट दाखवतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अनेक जणींना, आणि पुरुषांनाही, आपल्या बोटाचा नंबर मोठा निघाला याचा संकोच वाटतो आणि ते ‘जरा घट्टच ठेवा’ म्हणतात. माप घेणाऱ्याने नंबर मोठ्याने पुकारू नये आणि बोटाच्या जाडीवर चुकूनही शेरा मारू नये. संकोचाने घट्ट करून घेतलेली अंगठी पुढे कपाटात पडून राहते, आणि त्याची जबाबदारी माप घेणाऱ्याची असते.

काही जणांचा सांधा जाड आणि बोटाचे मूळ बारीक असते. उतारवयात आणि संधिवात असलेल्यांमध्ये हे अधिक आढळते. त्यांचे माप दोन ठिकाणी घ्यावे: सांध्यावरून जाणारी सर्वांत लहान कडी कोणती आणि मुळाशी नेमकी बसणारी कोणती. दोहोंत एक-दोन नंबरांचाच फरक असेल तर सांध्याचे माप धरावे. फरक त्याहून मोठा असेल तर अंगठी सांध्याच्या मापाची करून पट्टीच्या आतल्या अंगाला, तळाच्या दोन्ही बाजूंना, सोन्याच्या दोन बारीक गोळ्या झाळाव्यात, म्हणजे डाख देऊन जोडाव्यात. त्या बोटाला हलकेच धरून ठेवतात आणि अंगठी फिरत नाही. मोठ्या खड्याच्या, माथ्याकडे जड असलेल्या अंगठ्या बोटात उलट्या होतात, त्यांनाही हाच उपाय लागू पडतो.

रुंदीचा परिणाम

जुडग्यातील कड्या बहुधा दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या असतात. तेवढ्याच रुंदीची अंगठी घडवायची असेल तर मिळालेला नंबर जसाच्या तसा घ्यावा. पट्टी ६ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल तर ती बोटाचा अधिक भाग व्यापते, मूठ मिटताना मांसाला सरकायला जागा उरत नाही आणि तीच अंगठी घट्ट वाटते. अशा वेळी साधारण एक नंबर आणि ८ मिलिमीटरच्या पुढे दोन नंबरांपर्यंत वाढ द्यावी लागते. एकाच बोटात दोन-तीन बारीक अंगठ्या एकमेकींना लागून घालायच्या असतील तर त्यांची एकत्रित रुंदी धरूनच विचार करावा. याउलट पट्टीचा आतला भाग गोलाई देऊन घडवला असेल तर ती बोटावर सहज सरकते आणि सपाट पट्टीपेक्षा किंचित सैल भासते, म्हणून तेथे अर्धा ते एक नंबर कमी चालतो. ही वाढ-घट अंदाजाने न करता ४, ६ आणि ८ मिलिमीटर रुंदीच्या मापाच्या कड्यांचा वेगळा संच करून ठेवावा. पितळेचा चालेल, चांदीचा अधिक टिकेल. महागड्या कामासाठी तर मी त्याच रुंदीची आणि जाडीची चांदीची नमुना-अंगठी घडवून ग्राहकाला दोन-तीन दिवस घालायला देण्याचा आग्रह धरतो.

ग्राहक समोर नसेल तेव्हा

दोरा बोटाला गुंडाळून घेतलेले माप स्वीकारू नये. दोरा ताणला जातो आणि सैलही होतो. कागदाची अरुंद, न ताणली जाणारी पट्टी त्यापेक्षा बरी, पण तीही सांध्यावरून सरकवून पाहिलेली असावी आणि किमान तीनदा, वेगवेगळ्या वेळी मोजलेली असावी. सर्वांत चांगले म्हणजे खाचांचा प्लॅस्टिकचा मापपट्टा टपालाने पाठवणे. तो स्वस्त असतो आणि ग्राहकाने तो कोणत्या खुणेवर ओढला आहे याचे छायाचित्र मागवता येते.

छापायचा तक्ता पाठवला असेल तर तो मूळ आकारातच छापला गेला आहे ना, हे ग्राहकाला तपासायला सांगावे. त्यासाठी बँकेचे कार्ड उपयोगी पडते, कारण जगभरात त्याची लांबी ८५.६ मिलिमीटर असते. तक्त्यावर त्याच लांबीची एक रेघ आखून ठेवावी आणि कार्ड त्या रेघेवर ठेवून पाहायला सांगावे. जुनी अंगठी पाठवणे शक्य असेल तर व्हर्नियर कॅलिपरच्या आतल्या जबड्यांनी तिचा व्यास एकमेकांस काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा, कारण वापरलेली अंगठी सहसा पूर्ण गोल राहिलेली नसते. तिची रुंदीही मोजून लिहावी.

समोरच्या व्यक्तीला न कळवता अंगठी द्यायची असेल तर तिच्या नेहमीच्या वापरातली अंगठी थोड्या वेळासाठी मिळवून मोजणे हाच भरवशाचा मार्ग आहे. तेही जमत नसेल तर नंबर थोडा मोठा धरावा, पट्टीचा खालचा भाग साधा ठेवावा आणि अंगठी पुढे बोटाप्रमाणे करून दिली जाईल हे आधीच ठरवून घ्यावे. लहान अंगठी हातात घालताच येत नाही आणि तो क्षण विनाकारण अवघड होतो.

कारखान्यात माप कोठे हरवते

बोटावर अचूक घेतलेले माप घडवताना हरवू शकते, आणि त्याचे पहिले कारण धातूची जाडी हे असते. पट्टी वळवताना तिचा आतला भाग दबतो आणि बाहेरचा ताणला जातो, म्हणून कापायची लांबी आतल्या घेराएवढी धरून चालत नाही. आतल्या घेरात जाडीची ३.१४ पट मिळवावी. १६ नंबरची, १.८ मिलिमीटर जाडीची अंगठी असेल तर ५६ मध्ये ५.६५ मिळवून ६१.६५ मिलिमीटर लांबी येते. जाडी १.५ मिलिमीटर असेल तर हीच लांबी ६०.७ होते. म्हणजे जाडीतील केवळ ०.३ मिलिमीटरच्या फरकाने जवळपास एक नंबर बदलतो, आणि म्हणूनच पट्टी लाटून झाल्यावर तिची जाडी पुन्हा मोजल्याशिवाय कापू नये. टोके कानशीने जुळवताना आणि जोडातून करवत फिरवताना जे पाव-अर्धा मिलिमीटर जाते, तेही लांबीत धरावे.

दुसरे कारण घासकाम. पट्टीच्या आतून सर्वत्र ०.१ मिलिमीटर धातू निघाला तर व्यास ०.२ ने आणि घेर सुमारे ०.६३ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे अर्ध्याहून अधिक नंबर वाढला. शिवाय मँड्रेलवर गोल करताना हातोडीचे घाव बसले की अंगठी पसरते. तेथे लाकडी किंवा कातडी हातोडी वापरावी. यासाठी झाळून गोल केलेली अंगठी पॉलिशपूर्वी अर्धा नंबर लहान असावी, असा नियम करून ठेवणे हिताचे आहे. ओतीव कामात याच्या जोडीला आकुंचनाचा हिशेब येतो: रबरी साच्यातून काढलेले मेण आकसते आणि ओतलेला धातू थंड होतानाही आकसतो. प्रत्येक कारखान्याचे प्रमाण त्याच्या साच्याप्रमाणे वेगळे असते. संगणकावर नमुना करणाऱ्याने पहिल्या काही ओतिवांची मूळ मापे आणि अंतिम मापे शेजारी-शेजारी लिहून आपले प्रमाण काढावे; दुसऱ्या कारखान्याचा आकडा उचलू नये.

राशीच्या खड्याचे घर खालून उघडे ठेवतात आणि खड्याचा तळ बोटाला टेकेल असा बसवतात. तळ आत डोकावत असेल तर बोटाला मिळणारी जागा कमी होते आणि साध्या मँड्रेलवर अंगठी नीट बसतही नाही. अशा कामासाठी लांबीभर खाच असलेला मँड्रेल वापरावा आणि खडा बसवल्यानंतर, शक्य असेल तेथे, बोटात घालून पुन्हा खात्री करावी.

माप बदलता येणार नाही अशी कामे

पट्टीच्या संपूर्ण घेराला खडे असलेली अंगठी नंतर लहान-मोठी करता येत नाही, निदान नीट दिसेल अशी तरी नाही. सर्व बाजूंनी सलग नक्षी असलेली पट्टी कापली की नक्षीची साखळी तुटते. टंगस्टनची अंगठी कापून झाळताच येत नाही. प्लॅटिनम १७६८ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्याचे काम त्यासाठी सज्ज असलेल्या कारागिरानेच करावे. मोती, पोवळे आणि पाचू यांना ज्योतीची धग सहन होत नाही. माप बदलताना ते घरातून काढून पुन्हा बसवावे लागतात आणि काढताना पाचूला चीर जाण्याची जोखीम राहते. ग्राहकाने अशी रचना निवडली असेल तर हे सर्व त्याला ऑर्डर घेतानाच सांगावे, आणि नमुना-अंगठी बोटात घालून मान्य झाल्याशिवाय सोन्याला हात लावू नये. आत नावे किंवा तारीख कोरायची असेल तर तेही काम माप पक्के झाल्यावर, सर्वांत शेवटी करावे.

सोन्याची वेढणी या बाबतीत सोयीची असते, कारण तारेचे वेढे थोडे आवळता किंवा सैल करता येतात. जोडव्यांचे माप घेताना मात्र व्यक्तीला उभे करावे. पायावर भार आला की बोटे पसरतात आणि बसून घेतलेले माप चालताना काचते.

अंगठी देताना आणि दिल्यानंतर

अंगठी हाती देताना ऑर्डरची चिठ्ठी समोर ठेवावी, तिच्यावरील घेर मँड्रेलवर दाखवावा आणि मग बोटात घालून, मूठ मिटणे व हात झटकणे या दोन्ही कसोट्या पुन्हा घ्याव्यात. पहिल्याच दिवशी ‘थोडी घट्ट वाटते’ असे ऐकू आले तर लगेच कापायला घेऊ नये. ज्याने आयुष्यात अंगठी घातली नाही त्याला कोणतीही अंगठी प्रथम घट्टच वाटते. सांध्यावरून ती बिनत्रास निघत असेल तर आठवडाभर घालून पाहण्यास सांगावे. निघत नसेल तर मात्र थांबू नये.

लहान करण्याचा हिशेब आपल्या पद्धतीत सरळ आहे: १८ चा १६ करायचा तर पट्टीतून २ मिलिमीटरचा तुकडा काढायचा. मोठी करताना मात्र त्याच कसाचा तुकडा मध्ये जोडावा. पट्टी ठोकून ताणली तर ती बारीक होते आणि मागचा भाग लवकर झिजतो. कापण्याची जागा ठरवण्यापूर्वी आतल्या हॉलमार्कच्या खुणा आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, भिंगाखाली शोधावा आणि काप त्यांच्यापासून दूर, शक्यतो मूळच्या जोडावरच घ्यावा. काढलेल्या तुकड्याचे वजन ग्राहकासमोर करून तो त्याला परत द्यावा किंवा त्याची रक्कम बिलात वजा दाखवावी. बदललेला घेर तारखेसह वहीतील जुन्या नोंदीखालीच लिहावा.